खालच्या नळीचा आवाज

वडखळचा नाका मागे पडला तरी किमया गातच होती. गाणं कुठलं ते मागून येणाऱ्या जिकरालाही कळेना, कारण समोरच्या ट्रेलरांचे भोंगे त्याचे अर्धे शब्द गिळत होते. पण गाणारीचा जोर असा, की कडेला पापडांची पाकिटं मांडून बसलेल्या बाया माना वळवून बघत होत्या.

"गो, जरा दम राख," जिकरा मागून म्हणाली. "भिसे खिंड अजून यायचीय. तिथे गाशील तर मानीन."

"तिथे दोन म्हणीन."

एवढी ऐट यायला कारण होतं. पोरगी आज स्वतः जुळवलेल्या सायकलवर बसली होती.

फ्रेम होती तिच्या आजोबांची, शिवाआजाची. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबणारा माणूस, मिठाच्या गोणी मागे बांधून बांधावरून न्यायचा. मिठागर बंद पडलं, आजा गेला, आणि सायकल पडवीत कोंबड्यांचा माच होऊन राहिली. किमयाने कोंबड्या हाकलून ती बाहेर काढली तेव्हा सगळं घर हसलं. आईने तिचं नावच ठेवलं, लोखंडी रेडा.

हसेनात का. किमयाला रेडाच हवा होता. रोह्याच्या अनिताताई दर दिवाळीच्या सुट्टीत दहाबारा जणांना घेऊन सायकलने वेंगुर्ल्यापर्यंत जायच्या. यंदा एकच जागा उरली होती. ताईंची अट अशी, की ज्याने त्याने आपलं सगळं सामान लादून, आपल्याच सायकलवरून रोहा गाठायचं, तेही दुपारची पंगत बसायच्या आत. तिथे ताई सायकल तपासणार. पास झाली तर उद्या पहाटे निघायचं. नाही झाली, किंवा उशीर झाला, तर ती जागा दुसऱ्याची. जागेसाठी थांबलेले तिघेजण होते.

आणि लांबच्या वाटेची सायकल म्हणजे शर्यतीची सायकल नव्हे, हे किमयाने डोक्यात पक्कं बसवलं होतं. जिकराची सायकल तिच्या अब्बांनी, महमूदचाचांनी, मस्कतहून सुट्टीवर आल्यावर घेऊन दिलेली, ॲल्युमिनियमची, एका हाताने उचलावी अशी. पण तिचं मागचं चाक इतकं पुढे घेतलेलं, की बॅग लटकवली असती तर टाच तिच्यावर आपटली असती. शिवाआजाच्या सायकलचं शेपूट चांगलं लांब. बॅगा दोन्ही बाजूंना खाली, चाकाच्या आसाशी लटकवल्या तरी पाय मोकळा फिरायचा आणि वजन खाली राहिल्यामुळे सायकल डुलायची नाही. टायर तिने जाडे घातले, चाकांना छत्तीस छत्तीस तारा घेतल्या, म्हणजे एखादी तुटली तरी बाकीच्या सांभाळून घेतील. मागे चढासाठी मोठ्यात मोठं दातेरी चाक बसवलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे फ्रेम पोलादाची.

"पोलाद जड असतं, पण इमानी असतं," ती जिकराला सांगत होती. "ॲल्युमिनियम एकदम दगा देतं. पोलाद आधी वाकतं, कुरकुरतं, सांगतं. आणि कुठल्याही गावात वेल्डिंग होतं."

"बरं बाय. तुझं गलबत पाण्यात तरी तरंगतं काय ते बघू."

जिकरा वेंगुर्ल्याला जाणार नव्हतीच. रोह्याच्या अलीकडे अष्टमी गावात तिची मावशी, रशिदा खाला, राहायची, तिच्याकडे जाता जाता मैत्रिणीला सोबत, एवढंच तिचं निमित्त.

नागोठणं ओलांडून दोघी रोह्याच्या रस्त्याला वळल्या आणि चढ लागला. किमयाने गिअर सगळ्यात हलका केला, बूड उचललं, पायडलवर वजन टाकलं. आणि पायाखालून आवाज आला.

कुर्र.

बारीकसा. सुपारी अडकित्त्यात धरावी तेवढा. तिने पुन्हा पाय दाबला. पुन्हा कुर्र. डाव्या पायाला नाही, फक्त उजव्या.

गाणं थांबलं.

"काय झाला?" जिकराने विचारलं.

"काय नाय. बॅग घासत असंल."

बॅग घासत नव्हती. किमयाने उतरून पट्टे आवळले. मग सीटची खुंटी आवळली. मग पायडल. दरवेळी चार पावलं चालवून बघायची, आणि दरवेळी तो आवाज तिची वाट बघत तिथेच बसलेला. पंगत काही थांबणार नव्हती. ऊन वर चढत होतं आणि खिंडीतून खाली येणारा प्रत्येक टेम्पो तिला हिणवून गेल्यासारखा वाटत होता.

खिंडीच्या माथ्यावर ती थांबली. आता पुढे नुसता उतार, वळणावळणाचा. हवं तर पाय न मारता रोह्याच्या दिशेने सुटायचं. पायडल मारायचं नाही म्हणजे आवाजही नाही.

जिकरा म्हणाली, "तू सायकल उलटी कर. मी चाक फिरवते."

सायकल उलटी केली. प्रणितदादाने तिला काय रंग दिला होता! प्रणित किमयाचा चुलतभाऊ, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. फ्रेम सगळी पितांबरासारखी पिवळीजर्द आणि कडेने बारीक सोनेरी रेघ, श्वास रोखून ओढावी तशी. पण फ्रेमच्या खालच्या नळीवर, पायडलच्या चार बोटं वर, सोनेरी रेघ एका जागी तुटली होती. केसाएवढी. किमयाने बोट लावलं. मग जिकराला पायडल दाबायला सांगितलं. ती केसाएवढी चीर उघडली आणि मिटली.



तिने घराची चावी काढून तिथे खरवडायला सुरुवात केली. पिवळा रंग निघाला, त्याखाली पांढरं अस्तर निघालं, त्याखाली भुकटी. राखाडी, मऊ, चावीने सहज उकरली जाणारी. पुट्टी. मूर्तीचा कोपरा उडाला की भरतात तीच.

तिने फोन लावला.

"दादा, खालच्या नळीला काय केलंलस?"

"कुठल्या?" प्रणितच्या मागे रेडिओ लागला होता. "हां, ती. तिथे जरा काम निघालेलं. करून टाकलं. का गो, रंग उडाला काय?"

काम निघालेलं. हे शब्द त्याने सायकल देतानाही उच्चारले होते, आणि किमयाने मान डोलावून सायकल घरी नेली होती. कारण ती पेणची होती. कारखान्यात मूर्ती तुटली असं कोणी तोंडाने म्हणत नाही. बोट गेलं, सोंडेला तडा गेला, तरी 'काम निघालं' एवढंच म्हणायचं, गुपचूप भरायचं, घासायचं, रंगवायचं, आणि बघणाऱ्याने पुढे विचारायचं नाही. काम निघालं म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनच तिने विचारलं नव्हतं. देवाची गोष्ट वेगळी, देव उतारावरून पन्नास किलो घेऊन सुटत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"दादा, किती खोल होतं?"

"अगो, थोडंसं—"

"नख जाईल एवढं, की चावी जाईल एवढं?"

रेडिओ बंद झाला. "चावी," प्रणित म्हणाला. "आतून मिठानं खाल्लेलं. पाणी आत उतरून तळाला बसत असणार. मला वाटलं, तू शाळेत नेशील, बाजारात नेशील. वेंगुर्ला तू मागून ठरवलंस."

"सांगायचंस मग."

"रंग बघून तू हसत होतीस गो," तो म्हणाला.

किमयाने फोन खिशात टाकला. पोलाद इमानी, आधी कुरकुरतं, सांगतं. सांगत होतंच ते. त्याच्या तोंडात दादाने पुट्टी कोंबली होती.

जिकरा पाय पसरून कठड्यावर बसली होती. "ऐक. हळूहळू उतर. दोन्ही ब्रेक धर. ताईंना नुसता रंग खरचटलेला दिसणार, आवाज थोडाच ऐकायला येणार हाय. पास झालीस की आज संध्याकाळी रोह्यात गुपचूप दुरुस्त कर."

किमया त्या चिरेकडे बघत राहिली. बेत वाईट नव्हता, हीच अडचण होती.

"नाय तर माझी घे," जिकरा म्हणाली.

"तुझीला कॅरिअर बसवायला भोकंच नायत."

"बघ, काय सायकल घेऊन दिली अब्बांनी. भोकंपण दिली नायत."

दोघी हसल्या, आणि हसताना किमयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते सायकलच्या ग्रीसच्या हाताने पुसलं, त्यामुळे गालावर काळी मिशी उठली. मग उठून तिने बॅगा सोडल्या. एक जिकराच्या पाठीवर दिली, दुसरी स्वतःच्या पाठीवर घेतली, आणि सायकल हाताने धरून उतार उतरू लागली. प्रत्येक वळणावर वाटे, बसावं, सुटावं, पाच मिनिटांत खाली. सायकलही तशीच ओढ घेत होती, दावणीतून सुटू बघणाऱ्या जनावरासारखी.

उतार संपला तिथल्या पहिल्या वस्तीत ग्रिलचं दुकान होतं. आदेश नावाचा माणूस गेटच्या सळया कापत होता. त्याने सायकलकडे बघून मान हलवली.

"मी गेटं बनवतो. सायकलची नळी पातळ. जळून भोक पडंल."

"वेल्डिंग सलग नका मारू, काका. एक टाका घाला, थांबा, गार होऊ द्या, परत एक टाका. आणि वरून पाइपाचा अर्धा तुकडा पांघरा, म्हणजे भार त्याच्यावर जाईल."

"आणि भोक पडलं तर?"

"तर मी चालत घरी जाते. तुमच्यावर बोल नाय."

आदेशने तिच्या गालावरच्या मिशीकडे पाहिलं, आणि भंगारातून पाइप शोधायला लागला.

पहिल्या ठिणगीला पुट्टी पेटली. घाण वास सुटला, पिवळा पितांबर फोडाफोडांनी सुजला, सोनेरी रेघ काळी पडून गळाली. किमयाने पाठ फिरवली नाही. टाका पडला. आदेश थांबला. पुन्हा टाका. एकदा नळी लालभडक होऊन आतल्या आत खचल्यासारखी झाली, तेव्हा जिकराने बिस्मिल्ला म्हणत किमयाचं मनगट धरलं. नळी तग धरून राहिली. शेवटी जे उरलं ते दिसायला भयानक होतं, गुडघा फुटून खपली धरावी तसं.

"रंग मारून देऊ? चॉकलेटी हाय माझ्याकडं."

"नको," किमया म्हणाली.

बॅगा पुन्हा चढल्या. आता ती चालवत निघाली, पण गात नव्हती, ऐकत होती. उजवा पाय. काही नाही. उजवा पाय. काही नाही. अष्टमी आली, रशिदा खालाचं घर आलं आणि मागे गेलं, जिकरा थांबली नाही. कुंडलिका नदीच्या पुलावर रस्त्याचे सांधे होते, दर सांध्याला सायकल दणकन आपटायची आणि दर दणक्याला किमयाचे दात आवळले जायचे.

अनिताताईंच्या अंगणात पोचली तेव्हा आत पानं मांडली जात होती. ताई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चाकं फिरवून पाहिली, तारा एकेक दाबल्या, टाच आणि बॅगेतलं अंतर पाहून "हं" म्हणाल्या. मग त्यांचं बोट खपलीवर येऊन थांबलं.

जिकरा दुसरीकडे बघू लागली.

"इथे काय काम निघालं?" ताईंनी विचारलं. त्यांचं माहेर पेणचं.

"काम नाय, ताई," किमया म्हणाली. "तुटली होती. आतून मिठाने खाल्लेली, वरून पुट्टी भरलेली. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाय. खिंडीत आवाज आला म्हणून कळलं. आत्ता खाली जोडून घेतली."

"आणि उद्या दुसरीकडे तुटली तर?"

"तिथे कोणी गेटं बनवणारा असेलच."

"नसला तर?"

"तर तुम्हाला सांगीन," किमया म्हणाली. "पहिली कुर्र आली की."

ताईंनी तिला सायकलवर बसवलं, एका पोराला कॅरिअरवर चढवलं, आणि अंगणातल्या उंचवट्यावरून पाच फेऱ्या मारायला लावल्या. स्वतः डोळे मिटून उभ्या राहिल्या. आतला वाढणारा माणूस भाताची पळी धरून दारात थांबला.

पाचवी फेरी झाली. ताईंनी डोळे उघडले.

"त्या जोडावर रंग लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मी बघणार." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "एक पान वाढवा रे."

"दोन, ताई," जिकरा म्हणाली. "तिची बॅग मी वाहिली हाय."