बेकारांच्या संघातली नोकरी

माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. पण बेकारांच्या संघात नोकरी करून बघा, मग बोला!

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत 'बेकार पदवीधर संघा'ची खोली होती. सरकारी भरती थंडावली होती, गावात पहिलं कॉम्प्युटर सेंटर निघालं होतं, आणि संघाला बरे दिवस आले होते. अध्यक्ष अमरसिंहअण्णा, वय तेहतीस, अकरा वर्षं बेकार. मी कनकलता, टाइपिस्ट. अख्ख्या संघात नोकरी असलेली मी एकटीच. पगार अडीचशे, सभासदांच्या वर्गणीतून.

मी टाइप केलेल्या अर्जांना कंटाळून सरकारनं शेवटी भत्ता मंजूर केला. बेकार पदवीधराला महिना तीनशे. सगळ्यांनी अण्णांना हार घातले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमच्या घरी फिल्टर कॉफीचं पहिलं दाट डिकाशन कमावत्या माणसाला मिळतं, बाकीच्यांना दुसरं पाणी. दोन वर्षं ते माझं होतं. भत्ता सुरू झाला त्या सकाळी आईनं तो टंबलर माझ्या धाकट्या भावापुढे ठेवला. सेतुमाधव, बी.कॉम., अजून अंथरुणातच!

"तो तीनशे आणतो गं," आई म्हणाली.

"आणतो? झोपून?"

"अक्का, ओरडू नको. डोकं दुखतं," सेतू म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच संघात गेले. "अण्णा, पगार चारशे करा. नाहीतर मी चालले."

आयुष्यभर कामगारांच्या नावानं घोषणा दिलेला हा माणूस खुर्चीत रेलून म्हणाला, "जा की. बाहेर शंभर जण उभे आहेत."

"बोलवा!"

बोलावले. अडीचशेला चिटपाखरू फिरकलं नाही. कशाला येतील? घरी बसून तीनशे मिळत होते! आठवडाभर पत्रं पडून राहिली. अण्णा एका बोटानं टाइप करत, ते बोटही सुजलं. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी फळ्यावर लिहिलं, टाइपिस्टचा पगार चारशे.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत निघाले, तर अय्यय्यो! दारापासून गल्लीच्या वळणापर्यंत रांग. चारशे म्हटल्यावर साऱ्या बेकारांना जाग आली होती. मधे सेतू. आणि सगळ्यांत पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून, खुद्द अध्यक्ष.

"तुम्ही, अण्णा?"

"मुलीकडचे विचारतात गं, मुलगा करतो काय," ते पुटपुटले.

गेली माझी नोकरी! पण मुलाखत घेणार कोण? कमिटी तर सगळी रांगेत. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसले.

"कितीला कराल?"

"चारशे," अण्णा म्हणाले.

"साडेतीनशे!" मागून सेतू.

"तीनशे दहा!"

मेल्यांनो, माझ्या पगाराचा लिलाव मांडलात! तीनशे एकवर येऊन सगळे अडले. तेवढ्यात अण्णांनी छातीवर हात मारला. "मी फुकट करतो!"

फुकटाच्या खाली कोण जाणार?

"नेमणूक पक्की," मी म्हणाले. "अण्णा बिनपगारी टाइपिस्ट. त्यांच्यावर देखरेखीला मॅनेजर मी. चारशे तर वाचलेच आहेत."

कुणी हरकत घेतली नाही. हरकतीचा अर्ज त्यांना स्वतःला टाइप करावा लागला असता.

अण्णांचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना नोकरी दिसली. सरकारला पगार दिसला नाही, म्हणून भत्ता चालूच. पैसे सरकार देतं आणि काम मी करून घेते. घरी डिकाशनचा टंबलरही आईनं पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

काल पापनाशमचा एक भातगिरणीवाला आला. "असले बिनपगारी आणखी आहेत का, अम्मा? माझे पगारी काढून टाकतो."

मी चौघे दिले, त्यांत सेतू पहिला. गिरणीवाला खूश झाला. दारातून वळून त्यानं विचारलं, "आणि मॅनेजर? बिनपगारी मिळेल?"

"नाही मिळत!" मी अंगावर ओरडले. पण खरं सांगते, काळजात धस्स झालं.