फुकट दिलेलं बी

“शेठ, तुम्ही इथं कशाला आले?” भागीबाईनं हातातली कुदळ तशीच धरून विचारलं.

नियाजला खरं तर रागवायचं होतं. होळी झाली की ही बाई पेठच्या डोंगरातून उतरायची आणि पावसाळ्यापर्यंत नाशिकला इंदिरानगरच्या त्याच्या नर्सरीत काळ्या पिशव्यांत माती भरायची. बारा वर्षांत एक होळी चुकली नव्हती. यंदा अक्षय्य तृतीया उलटली, मातीचा ढीग तसाच पडून, आणि बाईचा फोनही लागेना. शेवटी बायको जहिदाच म्हणाली, “घरात बसून बडबड करण्यापेक्षा जाऊन बघा तरी. आजारी असेल बिचारी.” म्हणून अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस स्कूटरवर पाठ मोडून घेत करंजपाड्याला आला होता.

रागवायला तोंड उघडलं आणि त्याची नजर तिच्या मागच्या डोंगरावर गेली.

अख्खा उतार पिवळा होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत घंटांसारख्या फुलांचे झुबके. नर्सरीवाल्याला झाड ओळखायला जवळ जावं लागत नाही. टिकोमा. ‘काय फुललाय!’ असं तो बोलूनच गेला असता, सवयच तशी. बंगल्यातल्या बायकांना हे झाड विकताना त्याची तीन वाक्यं ठरलेली होती. पाणी कमी लागतं, मॅडम. जनावर तोंड लावत नाही. आणि काही झालं तरी मरत नाही.

“हे काय चाललंय, भागीबाई?”

“उपटायचं चाललंय. गवतच राहिलं नाय डोंगरावर. गुरं ह्याला हुंगतात आन् माघारी फिरतात. तोडलं तर एकाची चार फुटतात.” तिनं पदरानं मान पुसली. “गावानं ठरवलं, पावसाआधी उतार मोकळा करायचा. घरटी एक माणूस, आठवड्याला एक पाळी.”

“मग एका पाळीसाठी तू दोन महिने आली नाहीस?”

“माझी रोज असते.”

“का?”

ती पुन्हा खणायला वाकली. “टाकलं मीच ना.”

नियाज तिथल्याच एका दगडावर बसला. नऊ वर्षांपूर्वी, काम संपवून घरी निघताना तिनं आवळ्याची रोपं मागितली होती. डोंगर बोडका हाय, शेठ, वीस-पंचवीस द्या, पाणी मी घालीन. आवळा तेव्हा चांगला खपत होता. फाटकाजवळच्या टिकोमाच्या शेंगा मात्र नुकत्याच तडकल्या होत्या, कागदासारखं पातळ बी अंगणभर उडत होतं आणि रोज झाडून झाडून जहिदा वैतागली होती. त्यानं ते केराबरोबर गोळा केलं, खताच्या गोणीत भरलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. “आवळ्याला किती वर्षं लागतील! हे टाक वाऱ्यावर, मग बघ.”

तिनं बघितलं. आणि त्यानं नऊ वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं, की आम्ही एक अख्खा डोंगर फुलवलाय, बी फुकट दिलं. लोक म्हणायचे, नियाजभाई, दिल पाहिजे त्याला.

“गावात माझं नाव सांगितलंस?” त्यानं विचारलं, आणि विचारताक्षणी स्वतःचाच आवाज त्याला ऐकवेना. नसेल सांगितलं तर बरं, असाच तो आवाज होता.

“नाय. तुम्ही काय डोंगरावर आले होते का टाकायला?”

तेवढ्यात वनसमितीचा जयराम चार-पाच माणसांना घेऊन वरून उतरला. भागीबाईनं लगेच सांगून टाकलं, “आमचे शेठ हायत. शेणखत बघाया आले.”

जांभळीच्या सावलीत सगळे जेवायला बसले. इतरांपुढे एकेक नागलीची भाकर, नियाजपुढे दोन. जयराम आंब्याच्या कलमांबद्दल विचारत राहिला, नियाज उत्तरं देत राहिला. शेणखताचा माणूस होऊन गुपचूप परत जाता येईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. वाट तिनंच करून दिली होती. त्यानं दुसरी भाकरही संपवली.

हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, “जयरामभाऊ, ते बी माझं होतं. हिनं आवळे मागितले होते. मी हे दिलं.”

भागीबाई भांडी आवरत होती. तिनं वर बघितलं नाही.

“ठाव हाय,” जयराम म्हणाला.

“हिनं सांगितलं?”

“ती कशाला सांगंल. असली झाडं नाशकात बंगल्यापुढं असतात. आन् इथून नर्सरीत जाते ती एकटीच. पाड्यातल्या लहान पोरांनाबी ठाव हाय.”

“मग मी आलो तेव्हा कुणी काही बोललं का नाही?”

“पाहुणा माणूस, उन्हातून आलेला. भाकर खायच्या आधी कसं बोलायचं?”

“आता तर खाल्ली.”

“आता तुम्हीच बोलले.”

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नियाजनं खाली बघतच विचारलं, “मग हिला रोजची पाळी कशाला?”

“आम्ही नाय लावली. तिचं तीच म्हणली.”

नियाजनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कुदळ मागितली. तीस वर्षं त्यानं झाडं लावली होती. मुळासकट उपटायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्याच झाडाला भागीबाई मागून म्हणाली, “असं नाय, शेठ. मुळी तुटली बघा. तुटली की परत येते.” तिनं हातानं माती उकरून दाखवली. बारा वर्षं तिला पिशवी कशी भरायची ते तो शिकवत आला होता.

उन्हं कलेपर्यंत त्याची तीन झाडं निघाली. दर घराचा ढीग वेगळा होता. झाडं उलटी, मुळ्या आभाळाकडे, म्हणजे पुन्हा माती धरायला नको. भागीबाईचा ढीग माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेला. नियाज आपली तीन झाडं ओढत तिकडे निघाला.

“तिथं नको,” ती म्हणाली. “तो माझ्या घरचा.” शेजारच्या कातळावर तिनं ती तिन्ही झाडं नीट उलटी मांडली. “तुमचा हा इथं.”

गुडघ्याएवढाही नव्हता तो ढीग. खाली दबलेली फुलं अजून ताजी होती.

जयरामनं खिशातून वही काढली आणि इतर घरांना विचारावं तसंच विचारलं, “पुढची पाळी कोणत्या वारी लावू?”

नियाज तळहातावरचे फोड बघत होता. “शुक्रवार सोडून कोणत्याही,” तो म्हणाला.