बारवेतली ओटी

बारवेच्या पायरीवरची ओटी नाहीशी झाली, हे तुळजाबाईनं तनुजाला अंगणात येऊन सांगितलं. बोलत होती पुतणीशी, पण नजर पाहुण्यांच्या खोलीवर होती.

"मोठीमाय, एखाद्या बकरीनं खाल्ली असंल."

"बकरी बांगड्या खाती व्हय गं?"

नांदेडला रसायनशास्त्र शिकताना तनुजाला एक खोड लागली होती. जे कारण मांडायचं, ते दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला लागू पडलं पाहिजे. बकरी खणाला तोंड लावील, वानर नारळ पळवील. पण हिरव्या बांगड्या, लिंबू आणि ज्यात हे सगळं होतं ती कॅरीबॅगसुद्धा एकदम जाते, तेव्हा तिथं माणसाचा हात असतो.

ओटी तुळजाबाईच्या सुनेची, सृष्टीची होती. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. आता पुन्हा सातवा महिना लागला होता आणि बारवेतल्या साती आसरांना, पाण्यातल्या त्या सात देवींना, ओटी वाहिल्यापासून ती जरा पोटभर जेवायला लागली होती. तिला खाली उतरवायची हिंमत कुणाची नव्हती, तुळजाबाईचे गुडघे साथ देत नव्हते. म्हणून अर्धापूरहून आणलेली तयार ओटी तिनं पिशवीसकट वरच्याच पायरीवर ठेवून हात जोडले होते.

बारव होती आप्पासाहेबांच्या शेतात. आप्पासाहेब म्हणजे तुळजाबाईचे मालक, तनुजाचे थोरले चुलते. पुण्याची नोकरी नाकारून तनुजानं केळीच्या बागेत पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा पाहुण्यांना बारव दाखवायची परवानगी त्यांनीच दिली होती. तीही एका अटीवर: गावातून एक तक्रार आली की खोल्यांची पाटी उतरवायची.

आणि हे पाहुणे तर पहिल्या दिवसापासून गावाच्या डोळ्यांत सलत होते. लातूरचं जोडपं, यज्ञेश आणि मनस्विनी. दोघांत मिळून एक बादली पाणी अंघोळीला. भांडी घासलेलं पाणी कुठं जातं म्हणून विचारायचे. सकाळी हातमोजे घालून, चिमटा आणि पोतं घेऊन बारवेत उतरायचे. लातूरची माणसं पाणी जपून वापरतात हे तनुजाला कळत होतं. पण हातमोज्यांचं गावाला काय सांगणार?

"गुप्तधनवाले हायेत," आप्पासाहेबांनी कालच निकाल दिला होता. "पायऱ्या चाचपून राहिलेत."

तुळजाबाईचा संशय मात्र वेगळाच होता. तिनं आवाज खाली आणला. "तिला लेकरू न्हाई. म्या इचारलं. लग्नाला लई वर्षं झाली."

"मग?"

"मग काय? भरल्या पोटाची ओटी उचलली तिनं. कशापायी, ते मी सांगायला पायजे का?"

तनुजाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण हे सृष्टीच्या कानावर गेलं, तर तनुजाचा विश्वास आहे की नाही, याला काडीची किंमत उरणार नव्हती.

ओसरीवर मनस्विनी चहा पीत होती. तनुजानं आडपडदा न ठेवता विचारलं, तसा तिनं लगेच होकार दिला.

"हो, कॅरीबॅग होती ना एक. निर्माल्य होतं त्यात. मी वेगळं केलं सगळं. तुम्हीच मेसेजमध्ये लिहिलं होतं, कचरा दिसला तर उचलून आणा."

उत्तर फार लवकर आलं. तनुजानं तिचा चेहरा निरखला. निष्पाप माणूस इतक्या पटकन बोलतो, आणि आधीपासून तयारी केलेलाही बोलतो. हे दोन वेगळे कसे काढायचे?

"खण कुठंय?"

"कापडाच्या पिशवीत. बांगड्या काचेच्या कचऱ्यात. ती ओटी होती का? वाहिलेली?" मनस्विनीनं कप खाली ठेवला. "बाप रे. मला वाटलं कुणीतरी टाकून दिलंय. आमच्याकडं तळ्यावर असंच पिशवीत बांधून टाकतात."

तोवर आप्पासाहेब आलेच. वानरांवर ढकलून मोकळं व्हावं, हा विचार तनुजाच्या मनात येऊन गेला. पण उद्या खरं बाहेर पडलं असतं तर पाटीबरोबर तिचा शब्दही गेला असता. तिनं घडलं ते सांगितलं. आप्पासाहेब हसले.

"लोकाचा कचरा फुकट कोण उचलतंय, तनू? खोटं बोलायचं तर पटंल असं तरी बोल."

यज्ञेशनं पोतं आणून उलटं केलं. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, फुटक्या काचा. आप्पासाहेब काठीनं ढवळत राहिले.

"सोनं निघालं का, काका?" यज्ञेशला राहवलं नाही.

"अजून समदं बघितलं न्हाई." मग काठी एका पुडीवर थांबली. तसल्या पुड्यांचा वास त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला यायचा. त्यांनी काठी हळूच बाजूला घेतली.

"नारळ?" तुळजाबाईनं विचारलं.

मनस्विनीनं बागेच्या कडेला बोट दाखवलं. "तो खताच्या खड्ड्यात टाकला."

तुळजाबाई तरातरा खड्ड्याकडं गेली. केळीच्या साली आणि चहाचा चोथा यांच्या मधोमध नारळ पडला होता, कुंकू लावलेला, अख्खा.

"आसरांचा नारळ उकिरड्यात! शिकलेल्या हायेत म्हनं!" तिचा आवाज पार बागेपर्यंत गेला. मनस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पाटी गेली, तनुजानं मनाशी धरलं.

पण तुळजाबाई ओरडता ओरडता थांबली. नारळाकडं बघत खड्ड्याच्या काठावर टेकली. ज्या बाईला दुसरीची ओटी हवी असते, ती तिला पदरात लपवते, उशाशी ठेवते. सालींत फेकून देत नाही.

"हिला कायबी ठावं न्हाई," ती अखेर म्हणाली. "निस्ती येडी हाय."

त्या शिवीनं तनुजाचा जीव भांड्यात पडला.

"सृष्टीला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"सांगायचं की पाहुणीनं घाण समजून उचलली. खरं तेच. आता नवी भरू." तुळजाबाई आप्पासाहेबांकडं वळली. "आन पाटी ऱ्हाऊ द्या. पर बारवेत एकट्यानं कुणी उतरायचं न्हाई. आपलं मानूस संगं पायजे."

आप्पासाहेबांनी मान डोलावली.

संध्याकाळी केळीच्या पानावर नवी ओटी मांडली. ती घेऊन तनुजा खाली पाण्यापर्यंत उतरली. सृष्टीनं वरूनच हात जोडले. मनस्विनीनं बघायला येऊ का म्हणून विचारलं होतं. तुळजाबाईनं तिला वरच्या पायरीवर उभं केलं आणि हात मागं बांधायला लावले. शाळेतल्या पोरीसारखी ती तशीच उभी राहिली.

नमस्काराला वाकायच्या आधी तुळजाबाईनं एकदा मागं वळून तिच्या हातांकडं पाहिलं. वाकून उठल्यावर पुन्हा पाहिलं.