खंडोबाच्या किड्याचं पारणं

पारोळ्याच्या पेठेत भिकमचंद शेठजींच्या घरी गाईचा हिरवा चारा सरळ गव्हाणीत पडत नसे. आधी तो अंगणात पसरला जाई. मग शेठजींची विधवा भावजय लाडकुंवर मऊ लोकरीची छोटी कुंचली, पुंजणी, घेऊन त्याच्यापुढे बसे आणि काडी-काडी उचलून त्यातले किडे, मुंग्या, अळ्या हलकेच कुंपणाशी नेऊन सोडी. तोवर गाय हंबरत राही आणि चारा आणणारी भिकुबाई कमरेवर हात देऊन उभी राही.

"बाईजी, किड्यास्ना जीव जीव, अन् मन्ही गायना जीव?"

"गाईला थांबता येतं, भिकू. मुंगीला चिरडल्यावर थांबता येत नाही," लाडकुंवर म्हणे. हसतच म्हणे, पण पुंजणी काही थांबत नसे.

मानमोडीच्या साथीत तिचा नवरा आणि कडेवरची पोर एकाच आठवड्यात गेली होती. घरात तिला कुणी वाईट बोलत नसे. खरं म्हणजे फारसं कुणी बोलतच नसे. मागच्या खोलीत ती, तिची जपमाळ आणि तिचं सामायिक, म्हणजे जैनांचं बैठकीचं ध्यान. चाऱ्यातल्या जिवांवर ती माया करी, कारण माया करायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

त्या श्रावणात हिवतापातून उठल्यावर ती अशीच चाऱ्याशी बसली होती. पुंजणीवर एक हिरवा, काटकुळा किडा चढला आणि पुढचे दोन्ही हात जोडून तिच्याकडे मान वळवून बघत राहिला.

"भिकू, हा नमस्कार करतोय गं!"

"हाऊ खंडोबाना किडा शे, बाईजी. सदानकदा हात जोडेल ऱ्हास, पण कीर्तनले कधी येस नही," भिकुबाई म्हणाली. शेतात जन्म गेलेला. ते हात कशासाठी जोडलेले असतात हे तिला ठाऊक होतं. पण बाईजींच्या चेहऱ्यावर कैक वर्षांनी उजेड दिसत होता. ती पुढचं बोललीच नाही.

लाडकुंवरने पितळी परातीत लिंबाची डहाळी ठेवली, वरून जाळीचं झाकण घातलं आणि किड्याचा संसार मांडला. रोज सकाळी ती उकळलेलं, गाळलेलं पाणी बोटांनी पानांवर शिंपडायची. तो थेंबाला तोंड लावून प्यायचा. मग दुधात बुडवलेलं बोट ती त्याच्यापुढे धरायची. त्याकडे मात्र तो ढुंकूनही बघत नसे. गूळ नको, साखर नको, काहीच नको.

"उपास करतोय," ती एके दिवशी हळूच म्हणाली. "नुसतं पाणी घेतो. तपस्वी आहे हा."

भिकुबाईने जाळीतून पाहिलं. तपस्व्याचं पोट दोऱ्यासारखं झालं होतं. दोन दिवसांत मेला असता, आणि त्याच्याबरोबर बाईजींच्या चेहऱ्यावरचा तो उजेडही. लाडकुंवर डोळे मिटून सामायिकाला बसली तशी भिकुबाई गोठ्यात गेली, ओच्यात एक माशी धरून आणली आणि झाकण उचलून आत सोडली. जोडलेले हात उघडले, मिटले. भिकुबाईने परातीत पडलेले पंख पदराने टिपून घेतले आणि देवाला म्हणाली, पांडुरंगा, हे तू पाहिलं नाहीस.

मग ते रोजचंच झालं. किडा भरला, तकतकीत झाला. एकदा लाडकुंवरला परातीत त्याचं पोकळ शरीर दिसलं. ती रडायलाच लागली, तर वरच्या पानावर तोच नव्या पंखांनी हात जोडून बसलेला! "कातडीसुद्धा टाकली, भिकू. न खाता अंगावर तेज चढतंय बघ." भिकुबाई मान हलवी. असं खोटं बोलायला शब्दही लागत नाहीत.

पर्युषणात घरोघर उपास सुरू झाले. लाडकुंवरनेही अठ्ठाई धरली. आठ दिवस केवळ उकळलेलं पाणी. संवत्सरी झाली, साऱ्या पेठेने एकमेकांची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या सकाळी घराघरांतून पारण्याच्या मुगाचा वास सुटला. भिकमचंद शेठजी मागच्या खोलीच्या दाराशी आले.

"भाभीसा, मुगाचं पाणी तयार आहे."

"माझा अभिग्रह आहे," लाडकुंवर आतून म्हणाली.

अभिग्रह म्हणजे तपस्व्याने मनाशी धरलेली अट. ती पुरी होईपर्यंत उपास सुटत नाही, आणि अट काय ते कुणी विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं. शेठजींनी हात जोडले. दुपारपर्यंत पेठेत बातमी झाली. बायका दर्शनाला येऊ लागल्या. शेठजींना काळजी होती आणि अभिमानही होता, आणि दोन्हींत अभिमानाचा आवाज मोठा होता.

अट भिकुबाईला न सांगताच कळली. दिवसातून कितीदा तरी लाडकुंवर दुधाने भिजलेलं बोट जाळीच्या आत धरायची आणि म्हणायची, "घे ना बाळा. तू घेतलंस की मीही घेईन." तो मान वळवायचा.

भिकुबाईने माश्या देणं बंद करून पाहिलं. भुकेने तरी दूध घेईल! किड्याचं पोट पुन्हा आत गेलं. तो सकाळचे थेंब प्यायचा आणि दुधाच्या बोटाकडे पाठ करून बसायचा. मग त्याचीही तिला दया आली. तिने पुन्हा माशी सोडली. इकडे बाईजींचे डोळे खोल जात होते. श्रावणातल्या तापाने आधीच पोखरलेली कुडी ती.

अशातच एका संध्याकाळी बालाजीच्या देवळात कीर्तन होतं. वीणेची तार लागली की भिकुबाईचे डोळे आधी भरायचे, कथा मागून यायची. बुवांनी आख्यान लावलं: एक आंधळा पुजारी. त्याची बायको रोज देवापुढचा नैवेद्य गुपचूप उचलून ठेवी आणि म्हणे, "देव जेवला हो!" म्हाताऱ्याला एवढा आनंद होई की बायकोलाही तो आनंद मोडवेना. मंडपात हशा पिकला. बुवांनी झांज थांबवली. "हसा. पण पुढं काय झालं ठाऊक आहे? देव जेवतो म्हटल्यावर पुजारी आपल्या पानातलंही त्यालाच वाढू लागला. रोज एक घास जास्त. बायको बघत राहिली. बाई गं, तुझी माया खरी होती, पण म्हाताऱ्याचं पान रिकामं होत गेलं!"

भिकुबाई उठली. आरतीलाही थांबली नाही.

लाडकुंवर भिंतीला टेकून बसली होती. भिकुबाईने गोठ्यातून माशी आणली, कंदील जवळ ओढला, झाकण उचललं. "देखा, बाईजी."

जोडलेले हात उघडले. बारीकसा करकर आवाज झाला. कंदिलाच्या उजेडात एक पंख गिरक्या घेत परातीत पडला.

"मीच याले माश्या दिन्या," भिकुबाई म्हणाली. "पहिल्यापासून. हाऊ उपाशी कधीच नव्हता. त्याने खाल्लं, बाईजी, तुमची अट पुरी झाली. आता तुम्हीबी खावा."

लाडकुंवरने तो पंख पाहिला. मग वाकली आणि परातीपाशी डोकं नेऊन पुटपुटली, "मिच्छामि दुक्कडम्." चुकलं, क्षमा कर. संवत्सरीला ती पेठेशी जे बोलली होती, तेच आता त्या पंखाशी.

"अट पुरी झाली असेल, भिकू. पण दुसऱ्याचा जीव घेऊन झालेलं पारणं मला गिळवेल कसं?"

भिकुबाईने तिचे पाय धरले. "तुम्ही अशाच गेल्या तर मी कोणत्या तोंडानं देवापुढं उभी राहू? मी तर मारलंच तुम्हाले!"

लाडकुंवरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चाऱ्यातून मुंगी उचलताना तिचे डोळे असत, तसेच ते होते.

"रडू नको. आण मुगाचं पाणी."

"दिवस मावळला ना, बाईजी. सूर्य बुडाल्यावर तुम्ही पाणीही घेत नाही."

"आण."

ती दोन घोट प्यायली. जन्मभर जपलेला नेम आणि एवढ्या दिवसांचं तप त्या दोन घोटांत गेलं. वाटी खाली ठेवून म्हणाली, "झालं पारणं. आता तुझ्या माथ्यावर काही नाही. आणि देरजींना, तुझ्या शेठजींना, सांगू नको, त्यांना फार लागेल."

पोटात ते पाणी टिकलं नाही. पहाटे ताप चढला, आणि दुपारी भिकुबाईच्या मांडीवर लाडकुंवर गेली.

पेठेने दुकानं बंद ठेवली. सजवलेल्या पालखीत बसवून, वाजंत्री लावून तिला नेलं. "भाभीसा शेवटपर्यंत अन्नाला शिवल्या नाहीत," शेठजी ज्याला त्याला सांगत होते, आणि त्यांचे डोळे खरोखर वाहत होते. देवळात बुवांनीही त्या तपाची थोरवी गाइली. खांबापाशी बसलेल्या भिकुबाईच्या ओठांवर आलं होतं: त्या प्यायल्या, बुवा. माझ्यासाठी प्यायल्या. याचं एक आख्यान लावा ना! पण बाईजींनी सांगू नको म्हटलं होतं. तिने पदर तोंडात धरला.

काही दिवसांनी मागची खोली झाडायला म्हणून तिने दार उघडलं. लिंबाची पानं वाळून मुडपली होती. किडा होता. कुणी पाणी शिंपडलं नव्हतं, कुणी माशी सोडली नव्हती, तरी तो हात जोडून बसला होता.

याला आता कुंपणावर सोडावं, असं मनाशी म्हणत भिकुबाईने झाकण उचललं. पण रिकाम्या हाताने सोडवेना. नुकतंच गाईचं दूध काढून आली होती. बोट चरवीत बुडवून तिने उगीच त्याच्यापुढे धरलं. बाईजी धरायच्या तसं.

त्याने मान वळवली. कोरडं तोंड बोटाला टेकवलं, आणि तो दूध पिऊ लागला. थांबून थांबून, तहानेल्या लेकरासारखा, थेंब संपेपर्यंत प्यायला. बाईजींनी त्याला कधी तहानेला राहूच दिलं नव्हतं.

भिकुबाईने बोट हलवलं नाही. बाहेर गाय हंबरत होती. अंगणात न निवडलेला चारा पडला होता.