टिंबाचं तेज

आमच्या मंडळात तारे बघणारे तेवीस जण आहेत आणि डोळे एकीलाच आहेत, असं मी आता उघड म्हणते. ती एक म्हणजे माझी सख्खी मावशी. चाळीस वर्षं तिने रफूचं काम केलं. कोटातला तुटका धागा तिला दारातूनच दिसायचा. तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ती एकतीस वर्षं करते आहे, आणि देशभरच्या नोंदी तपासणाऱ्या मुख्य केंद्राकडून तिची एकही नोंद कधी परत आलेली नाही. मी मंडळाची चिटणीस, म्हणजे बिनपगारी हमाल. सगळ्यांच्या नोंदी गोळा करून केंद्राला धाडायच्या, एवढंच माझं काम.

अध्यक्षांना आम्ही पाठीमागे दुर्बीणराव म्हणतो. सगळ्यात मोठी दुर्बीण त्यांची, आणि सगळ्यात जाड धूळही तिच्यावरच. यंदा त्यांनी आमचे नकाशे सुधारायला घेतले. या नकाशांत तारे काळ्या ठिपक्यांनी दाखवतात आणि शेजारी तेजाचा आकडा देतात. त्या आकड्यात दशांशाचं टिंब कधीच घालत नाहीत, ११.८ असेल तर नुसतं ११८. कारण टिंबालाच कुणी तारा समजायचा. दुर्बीणरावांना हे गावठी वाटलं. त्यांनी सगळीकडे टिंबं घालून नकाशे नव्याने छापून घेतले.

पहिल्याच महिन्यात त्यांना आमच्या नेहमीच्या ताऱ्याला खेटून, नकाशात दाखवलेला पण आजवर कुणी न टिपलेला तारा दिसला. "मंद, पण निश्चित," असं त्यांनी लिहिलं. मग काय, बाबा वाक्यं प्रमाणम्! दंतवैद्याला दिसला, छापखानेवाल्याला दिसला, ज्याच्या गच्चीसमोर जाहिरातीचा भलामोठा दिवा जळतो त्या विमा एजंटालाही दिसला. कुणी १२.१ लिहिलं, कुणी १३.४. आकडे काही जुळेनात. त्यावरून दुर्बीणरावांनी काय ताडावं? हाही तारा बदलतो! लगेच नव्या शोधाचा अहवाल लिहायला घेतला.

मावशी मात्र तीन महिने एकच लिहीत होती: "दिसला नाही."

रविवारी सकाळच्या सभेत दुर्बीणराव सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "वयाचा मान आहे, पण मोतीबिंदू विज्ञानात चालत नाही. डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर अहवालातून तुमचं नाव काढावं लागेल."

बाकीचे एकवीस जण चहाच्या कपात बघत बसले.

घरी आल्यावर मावशीने चपलाही काढल्या नाहीत. "खरंच गेले असतील का गं माझे डोळे?"

मी काय सांगितलं ते सांगायलाही लाज वाटते. "टाक ना एखादा आकडा लिहून. बावीस जणांशी कशाला वाकडं घ्यायचं?"

तिने लिहिला. १२.६.

अहवाल गेला आणि महिन्याने केंद्राचं उत्तर आलं: "या जागी आमच्या एकाही छायाचित्रात तारा नाही. नकाशा तपासावा." मी जुना आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. एका आकड्याचं टिंब छपाईत घसरून आमच्या ताऱ्याशेजारी जाऊन बसलं होतं. बावीस शहाण्यांनी तीन महिने शाईचं तेज मोजलं होतं!

दुर्बीणराव पुढच्या बैठकीत म्हणाले, "मुद्रणदोष. मला संशय होताच." खापर छापखानेवाल्यावर फोडून त्याच बैठकीत ते पुन्हा अध्यक्ष झाले. पडलो तरी नाक वर, दुसरं काय!

मी मात्र नकाशे जुळवले त्याच दिवशी धावत मावशीकडे गेले होते. "तुझे डोळे ठणठणीत आहेत! तिथे ताराच नाही!"

तिचा चेहरा खुलला नाही. "म्हणजे माझं बरोबर होतं. आणि तरी मी खोटं लिहिलं."

"एकच तर नोंद आहे. खोडून टाकू."

"आजवर माझं 'दिसला नाही' वाचणाऱ्याला भरवसा होता, की तिथे खरंच काही नव्हतं. आता तो म्हणेल, ही बाई एकतीस वर्षांत आणखी कुणाकुणाला भिऊन लिहीत होती?"

तरी मी तिची नोंदवही पुढे ओढली.

"खोडाखोड नको," ती म्हणाली. "केंद्राला पत्र लिही. ही नोंद न बघता केली म्हणून. आणि कुणाच्या सांगण्यावरून केली तेही लिही. चिटणीस तूच आहेस ना?"