गल्लीकडची बाजू

नीलकंठरावांना कुणी सहज चहाला बोलावलं तरी ते आधी मनात म्हणत, याचं आपल्याकडे काय काम निघालं? हा स्वभाव नोकरीने दिला की जन्माबरोबर आला, देव जाणे. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, पण मुलांच्या लक्षात राहिले ते परीक्षेवर पहारा करणारे मास्तर. पोरगं पाणी प्यायला उठलं तरी त्याच्या बाह्या तपासणार. बहुतेक वेळा हाती काही लागत नसे. कधीमधी एखादी चिठ्ठी निघे, आणि तेवढ्या पुण्याईवर पुढे कित्येक वर्षं सगळ्यांच्याच बाह्या तपासल्या जात.

अशा माणसाच्या गल्लीच्या तोंडाशीच, बंद पडलेल्या टॉकीजच्या जागेवर, अठरा मजली टॉवर उठायला लागला. मग काय झालं असेल ते सांगायला नको.

तसं गल्लीत कुणाचंच मन स्वच्छ नव्हतं. काशीत, गंगेच्या इतक्या जवळ एवढं उंच बांधायला परवानगी मिळालीच कशी, इथून सुरुवात. कुणी म्हणे पाया खणताना पाणी लागलंय, आता आपल्या भिंती फुटणार. कुणी म्हणे वरच्या मजल्यावर हॉटेल आहे, तिथून लोक आपल्या गच्चीवरचे पापड मोजणार. पायाच्या खड्ड्यात माणूस गाडलाय अशीही एक बातमी पानाच्या दुकानावरून निघाली आणि मंगला गौरीच्या देवळापर्यंत जाईस्तोवर त्या माणसाचं नावगावही ठरलं.

पण बोलणाऱ्यांचं काय, बोलले आणि घरी जेवायला गेले. नीलकंठरावांचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता. त्याचं कारण त्यांची बायको, बकुळताई.

बकुळताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ठरलेल्या वारी डायलिसिसला न्यावं लागे. पायात बळ नव्हतं, म्हणून चाकांची खुर्ची. आता दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी कुठली येणार? समोरून सायकलवाला आला तरी दोघांपैकी एकाने भिंतीला चिकटायचं. बाकीच्या सगळ्या वाटा पायऱ्यांच्या. एकच वाट खुर्चीच्या कामाची होती. गल्ली संपते तिथे टॉकीजच्या आवाराचं मोडकं फाटक, आत शिरलं की बेताचा चढ, आणि चढ संपला की थेट मोठा रस्ता. तिथे टोटोवाला आपली बॅटरीची रिक्षा लावून थांबलेला असे. ही वाट गेली तर बायकोला दवाखान्यात न्यायचं कसं, या एका प्रश्नाने म्हाताऱ्याची झोप उडाली होती.

कामाचे पत्रे लागले तेव्हा आवारातून खुर्ची जाईल एवढी वाट मोकळी ठेवली होती. बांधणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "रास्ता खुला रहेगा पंडितजी, नीचे का पूरा हिस्सा पब्लिक के लिए है." पुढे फलकही लागला. चित्रात काचेचा टॉवर, पायथ्याशी झाडं, बाक, आणि बाकांवर हसत बसलेली गोरीपान माणसं. नीलकंठराव चष्मा कपाळावर चढवून, नाक फलकाला लावून बराच वेळ पाहत राहिले.

"फुकट बाक," ते शेजारच्या ढुंढिराज गुरुजींना म्हणाले. "व्यापाऱ्याने आजवर कधी कुणाला फुकट बसायला जागा दिल्ये? बाकावर बसवतील आणि वाट काढून घेतील."

ढुंढिराज गुरुजी पौरोहित्य करत आणि नीलकंठराव बोलले की मान डोलवत. दोन्ही कामं त्यांना सारखीच जमत.

मग एक दिवस टोटोवर भोंगा लावून दवंडी आली. टॉवरचा खालचा भाग कसा असावा यावर जनसुनवाई आहे, सर्व नागरिक सादर आमंत्रित. भोंगा गल्लीच्या तोंडाशी ओरडला आणि निघून गेला.

इथे काशीतल्या आपल्या मराठी लोकांची एक रीत सांगायला हवी. मुंज असो, लग्न असो, आमंत्रण म्हणजे अक्षत. कुंकवाने माखलेले तांदूळ घेऊन माणसाने दारात यायचं, हातावर चार दाणे ठेवायचे आणि 'यायचं हं' म्हणायचं. कार्ड आलं, फोन आला, पण अक्षत आली नाही, तर ते बोलावणंच नव्हे. आणि एकदा हातावर घेतली की जाणं आलंच, मग घरात आजारपण असो नाहीतर भांडण. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून भाषा अर्धी हिंदी झाली, पण यात फरक पडला नाही.

"अक्षत नाही, काही नाही," नीलकंठरावांनी घरोघरी जाऊन सांगितलं. "भोंग्यावर बोलावतात ते भाजी विकणारे. आपण येऊ नये हीच त्यांची इच्छा आहे. कुणी जायचं नाही." घरोघरी लोकांना ते पटलं.

सुनवाईच्या आदल्या दुपारी दार वाजलं. बकुळताई डायलिसिसहून येऊन आत गाढ झोपल्या होत्या. दारात मैत्रेयी, नीलकंठरावांच्या वारलेल्या भावाची, दत्तात्रेयाची मुलगी. लखनौला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरीला होती. टॉवरचे नकाशे त्याच ऑफिसात झाले हे कळल्यापासून काकांनी तिला फोन केला नव्हता. तिच्या हातात छोटी वाटी होती, आणि वाटीत अक्षता.

"काका, उद्या सुनवाईला यायचं. काकूंना घेऊन या." तिने चिमूट पुढे केली.

नीलकंठरावांचे हात पाठीमागे गेले.

"कंपनीच्या सभेला अक्षत? हे कुणी शिकवून पाठवलं तुला?"

"कुणी नाही. गल्लीतून कुणीच येणार नाही असं कळलं. म्हटलं भोंग्याचा राग असेल तर मीच रीतीने बोलावते." ती उंबऱ्याबाहेर उभी राहूनच घाईघाईने बोलू लागली. "ऐका ना काका. आमच्या नकाशात तो चढ तसाच ठेवलाय, गल्लीपासून रोडपर्यंत. पण टॉवरच्या मालकाला आत दोन्ही बाजूंनी दुकानं पाहिजेत. त्यासाठी जमीन रोडच्या लेव्हलला सपाट करणार. तशी केली की गल्लीकडच्या बाजूला पायऱ्या येणारच. मालक म्हणतो, पब्लिक को कोई ऐतराज ही नहीं है, तो दिक्कत क्या है. तुम्ही काकूंची खुर्ची घेऊन आलात, पायऱ्या नकोत एवढं बोललात, तर त्याला ऐकावं लागेल. मी नोकर माणूस, माझं कोण ऐकतंय तिथे?"

आता याहून सरळ काय सांगायचं असतं? पण एवढं सरळ सांगितलं हेच नीलकंठरावांना खटकलं. ज्याच्या कामाचा पगार खायचा त्याच्याच विरुद्ध बोलायला लोकांना बोलावायचं, असं कधी कुणी करतं का? त्यांना सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. मंचावर आपण उपरणं घेऊन, शेजारी आजारी बायको, समोर कॅमेरे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात की काशीच्या पंडितांचा टॉवरला आशीर्वाद. भोंगा आला तेव्हा अक्षत नाही म्हणून अपमान, आणि अक्षत आली तेव्हा ती आली म्हणूनच कावा. अशा माणसापुढे कुणी काय करावं?

"तुझ्या काकूच्या आजारपणाचं प्रदर्शन मांडायचंय तुम्हाला," ते म्हणाले. "दत्तू असता तर लाज वाटली असती त्याला."

मैत्रेयीचा चेहरा पडला. "काकूंना तरी विचारू दे मला."

"ती झोपल्ये."

 मग चिमटीतले दाणे तिने वाटीत परत टाकले आणि गेली.

पलीकडच्या ओट्यावरून ढुंढिराज गुरुजींनी हे पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की नीलकंठरावांनी सख्ख्या पुतणीची अक्षत घेतली नाही, काय बाणेदार माणूस आहे. बकुळताईंच्या कानावर मात्र कुणी घातलं नाही. नीलकंठरावांनीही नाही. उगीच तिच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

सुनवाईला मराठी घरांतून एकही माणूस गेला नाही. कुणाची हरकत आली नाही, असं पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत आलं. "बघा," नीलकंठराव गुरुजींना म्हणाले, "सगळं आधीच ठरलेलं होतं."

पुढे बरेच महिने ती मोकळी ठेवलेली वाट तशीच राहिली. खुर्ची जात होती, आणि जाता-येता नीलकंठराव गवंड्यांकडे डोळे बारीक करून बघत होते. मग दिवाळीच्या सुमारास बकुळताईंच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना चांगला दीड महिना दवाखान्यातच ठेवून घेतलं. नीलकंठराव तिथेच बाकड्यावर झोपायचे. घरी सोडलं तोवर टॉवरभोवतीचे पत्रे निघाले होते.

टोटोवाल्याने रस्त्यावर उतरवलं. नीलकंठरावांनी खुर्ची आत घातली आणि त्यांचा विश्वास बसेना. फरशी अशी गुळगुळीत की चाकं आपसूक पळावीत. दोन्ही बाजूंना दुकानं होती, पण मधली वाट चांगली रुंद होती. चित्रातली झाडं होती. चित्रातले बाकही होते, आणि त्यांवर गल्लीतलेच दोन म्हातारे खुशाल शेंगदाणे खात बसले होते. कुणी त्यांना उठवत नव्हतं.

"किती छान केलंय हो," बकुळताई म्हणाल्या. "तुम्ही उगाच घाबरत होतात."

नीलकंठरावांना एकदम हलकं वाटलं. फार दिवसांनी वाटलं. आपलं चुकलं असेल तर चुकू दे, असंही त्यांच्या मनात आलं, आणि ते खुर्ची ढकलत दुसऱ्या टोकाला पोचले.

तिथे पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, चकचकीत, वरच्या फरशीपासून खाली गल्लीपर्यंत. पायऱ्यांच्या तळाशी गल्लीची तीच जुनी फरसबंदी, आणि तिथून घर हाकेच्या अंतरावर.

"ढलान नहीं है?" उतार कुठेच दिसेना तसं त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं.

"है ना बाबा, उधर पार्किंग की तरफ." त्याने मागे मोठ्या रस्त्याकडे हात केला. माणूस बोलायला चांगला होता. "इधर से भी जाइए, रास्ता तो सबके लिए है."

खालून ढुंढिराज गुरुजी धोतर सावरत पायऱ्या चढून आले. "आलात? वहिनी, बरं आहे ना आता?" मग नीलकंठरावांकडे वळून म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात तस्संच केलं बघा यांनी. अख्ख्या गल्लीत फक्त तुम्ही ओळखलंत. बरं झालं मैत्रेयीला दारातूनच परत पाठवलंत, असल्यांच्या सभेला कशाला जायचं?"

बकुळताईंनी मान वळवली. "मैत्रेयी आली होती? कधी?"

गुरुजी पुन्हा धोतर सावरायला लागले.

"मला का नाही उठवलंत? कशाला आली होती?"

खोटं सांगता आलं असतं. चौकशी करून गेली म्हटलं असतं तर गुरुजींनी त्यावरही मान डोलवली असती. पण खुर्चीची पुढची चाकं पहिल्या पायरीच्या काठाशी होती आणि नीलकंठरावांची नजर तिथून हलेना.

"अक्षत घेऊन आली होती, सुनवाईची," ते म्हणाले. "इथे पायऱ्या नकोत असं येऊन सांगा म्हणाली. तुलाही बोलावलं होतं. मी घेतली नाही."

बकुळताईंनी नजरेने एकेक पायरी खालपर्यंत मोजली. त्या रागावल्या असत्या तर नीलकंठरावांना बरं वाटलं असतं.

"मी आले असते," त्या म्हणाल्या. "एवढं बोलायला मला काय झालं होतं?"

 शरमेने नीलकंठरावांना मान वर करवेना. त्यांनी पहारेकऱ्याला हात जोडले आणि गुरुजींना म्हणाले, "जरा एका बाजूने धरता का?" तिघांनी खुर्ची उचलली आणि एकेक पायरी चाचपत उतरवायला लागले. बकुळताईंनी डोळे मिटून घेतले होते. परवा पुन्हा डायलिसिस होतं.