गव्हाणीतलं बक्षीस

नाताळ म्हणजे नेमकं काय, हे अनसाबाईला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. डिसेंबरात दौंडला बाजाराला गेलं की स्टेशनाकडच्या काही घरांवर कागदाच्या मोठाल्या चांदण्या लटकताना दिसायच्या. त्या तिला आवडायच्या. तिचा आणि नाताळाचा संबंध तेवढाच.

दोन हजार पाच साली तो संबंध एकदम वाढला, आणि तो वाढवला तिच्या नातीनं. प्रगती बारावी झाल्यापासून दौंडला 'पृथ्वीराज कलेक्शन' या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात काउंटरवर बसायची. एका संध्याकाळी घरी येऊन तिनं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"आज्जी, आमच्या शेठला दोन मेंढरं पायजेत. दोन दिवस. भाडं देतो म्हणले."

"कापायला?"

"न्हाई गं! उभी करायला. नाताळचा देखावा करायलेत."

मेंढरं नुसती उभी करायला भाड्यानं नेतात, हे अनसाबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिची आणि तिच्या नवऱ्याची, हरिबाची, अर्धी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली होती. आता कुरकुंभच्या अलीकडं चार एकर रान होतं, मुलगा बिरदेव एमआयडीसीत शिफ्टनं कामाला जात होता, आणि हरिबाच्या गुडघ्यांनी चालणं सोडून दिलं होतं. सात मेंढरं तेवढी राखली होती, आणि तीही सवय मोडवत नाही म्हणून.

"जाऊन बघ तरी," हरिबा खाटेवरून म्हणाला. "आपल्या मेंढरांस्नी कुणीतरी बोलावलंय. एरवी समदी हाकलतातच."

चोवीस तारखेला सकाळी अनसाबाई टेम्पोत बसली. बरोबर बुगडी नावाची शांत, गाभण मेंढी होती आणि तिच्या जोडीला एक तरणी मेंढी. बुगडीला व्यायला अजून आठ-दहा दिवस अवकाश होता. ती गर्दीला बुजत नाही म्हणून अनसाबाईनं मुद्दाम तिलाच निवडली होती.

दुकानाचं रूप पाहून ती टेम्पोतच उभी राहिली. दारावर लाल-हिरव्या पताका, खांबाखांबाला चमचमत्या माळा आणि 'ख्रिसमस धमाका सेल' असा केवढा तरी फलक. दाराशी कापसाची दाढी लावून, लाल डगला घालून एक माणूस घंटी वाजवत होता. आत गाणी इतक्या जोरात लागली होती की प्रगतीचं बोलणं ऐकायला अनसाबाईला तिच्या तोंडाकडं बघावं लागलं.

पृथ्वीराज शेठ तिशीच्या आतबाहेरचा, बागायतदाराच्या घरातला. वडील सोसायटीचे चेअरमन, घरात ऊस, पण ह्याचं मन कधी उसात रमलं नाही. पुण्यात दुकानं कशी सजवतात ते बघून आला होता आणि दौंडला तसंच काहीतरी करून दाखवायचं, या उत्साहानं त्याला आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं. त्यानं मेंढ्यांकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, ह्या काळ्या आहेत."

"मग? आमच्याकडं काळीच असत्यात."

"मला पांढऱ्या पाहिजे होत्या. ग्रीटिंगवर असतात तशा." त्यानं थोडा विचार केला. "आपण पावडर लावू. प्रगती, टाल्कमचे दोन डबे आण."

"मेंढरू हाय का नवरी?" अनसाबाई म्हणाली. "शिंकून शिंकून हैराण व्हईल. आसं आसंल तर मी चालले."

शेठनं हात जोडले. मेंढ्या काळ्याच राहिल्या.

काचेच्या दाराच्या आत, डाव्या हाताला देखावा केला होता. पेंढ्याचं छप्पर, खाली वाळलेला कडबा पसरलेला आणि मधोमध लाकडी फळ्यांची एक गव्हाण. गव्हाण बघून अनसाबाईला घरच्यासारखं वाटलं. तिनं वाकून आत डोकावलं. आत लाल मखमलीवर मोबाईल फोनचा एक खोका ठेवला होता.

"हे काय?"

"लकी ड्रॉचं पहिलं बक्षीस," शेठ अभिमानानं म्हणाला. "संध्याकाळी सहाला सोडत."

मेंढ्या छपराखाली बांधून अनसाबाई बाजूला पायरीवर टेकली. लोक येत, लाल डगलेवाल्याबरोबर पोरांना उभं करून फोटो काढत, मेंढ्यांना हात लावत आणि आत शिरत. दुपारी एक पांढऱ्या केसांच्या, नीटनेटकी सुती साडी नेसलेल्या बाई आल्या. त्यांना बघून शेठ काउंटरमागून पुढं आला. सगुणाबाई रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. रिटायर झाल्या तरी गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणायचं.

"चर्चमधल्या पोरींच्या देवदूतांच्या झग्यांना पांढरं कापड पाहिजे," त्या म्हणाल्या. मग देखाव्याकडं वळल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "छान केलंयस रे. बाळ कुठंय?"

"सिस्टर, तिथं बक्षीस ठेवलंय ना."

"असू दे," सगुणाबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. कापड घेऊन बाहेर पायरीवर आल्या तर अनसाबाईनं त्यांचा पदरच धरला.

"बाई, कोणाचं बाळ वो?"

मग सगुणाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्या गोंगाटात, कानाशी तोंड नेऊन, सांगू लागल्या. सरकारनं शिरगणती काढली होती. ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. मरिया दिवस भरलेली, बरोबर नवरा योसेफ, लांबून चालत आलेली. गाव माणसांनी फुललेलं. उतरायला कुठंच जागा मिळेना.

"दिवस भरलेल्या बाईला जागा दिली न्हाई?" अनसाबाईचा आवाज चढला.

"नाही मिळाली. गोठ्यात टेकली, तिथंच बाळंत झाली. बाळाला फडक्यात गुंडाळलं आन् गव्हाणीत निजवलं. तेच आमचे प्रभू येशू."

अनसाबाईला स्वतःचं बाळंतपण आठवलं. बेचाळीस वर्षांपूर्वी इंदापूरकडं मेंढरं घेऊन जाताना, एका पडीक रानाच्या कडेला, बाभळीखाली तिनं बिरदेवाला जन्म दिला होता. पाऊस भुरभुरत होता. जवळच्या घराची ओसरी मागायला हरिबा गेला तर त्यांनी कुत्रं सोडलं होतं. पोराला त्यानं आपल्या घोंगड्यात गुंडाळलं होतं. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"आणि बाळ झाल्याची खबर देवानं पहिल्यांदा कुणाला धाडली असेल?" सगुणाबाईंनी विचारलं.

"राजाला?"

"मेंढपाळांना. रानात मेंढरं राखत बसले होते, त्यांना."

"आमच्यातल्यांस्नी?"

"तुमच्यातल्यांनाच."

अनसाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि पाठ ताठ करून बसली. आतलं ते झगमगाटी दुकान आता तिला दुसऱ्याच नजरेनं दिसायला लागलं. एवढं मोठं घडलेलं, आणि ह्यांनी गव्हाणीत ठेवला काय तर फोन!

तेवढ्यात बुगडी ओरडली.

तो आवाज अनसाबाईला पाठ होता. आत जाऊन बघते तर बुगडी पुढच्या पायानं कडबा उकरत होती, गोल गोल फिरत होती, खाली बसून परत उठत होती. टेम्पोचे हिसके म्हणा, गाण्यांचा दणदणाट म्हणा, तिनं आठ दिवस आधीच मनावर घेतलं होतं.

"शेठ, मेंढी व्यायला झाली!"

"आत्ता?" पृथ्वीराज कावराबावरा झाला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "मावशी, मागच्या बोळात न्या तिला. इथं नको, गिऱ्हाईक आहे, इथं जागा नाही."

अनसाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. ती त्याच्या छातीएवढी भरत होती.

"जागा न्हाई म्हंता?" ती म्हणाली. "सण कशाचा हाय ते तरी ठावं हाय का तुमास्नी?"

पृथ्वीराजनं तिच्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या सगुणाबाईंकडं, मग त्या गव्हाणीकडं. काय झालं ते त्याच्या उशिरा लक्षात आलं, पण आलं. कानापर्यंत लाल होत त्यानं स्वतः जाऊन गाणी बंद केली, चमचमत्या माळा विझवल्या आणि ओरडला, "सगळे जरा मागं सरका!"

दुकान एकदम गप्प झालं. त्या शांततेत बुगडीचा श्वास ऐकू येऊ लागला.

पाण्याची पिशवी फुटली. पण मग नाकाचं टोक आणि एकच खूर दिसला. दुसरा पाय आत दुमडून राहिला होता. अनसाबाईनं आपली बोटं पाहिली. संधिवातानं गाठी आलेली, आत जायची नाहीत.

"बाई, तुमचा हात बारीक हाय."

"अहो, मी माणसांची हजारांनी केलीत, मेंढीचं एक नाही केलेलं."

"सारखंच आसतंय. दोन पाय जास्ती, बास."

सगुणाबाईंनी बांगड्या काढून प्रगतीकडं दिल्या, घड्याळ काढलं, हात धुतला, प्रगतीनं कुठून तरी आणलेलं खोबरेल कोपरापर्यंत चोळलं आणि कडब्यात गुडघे टेकले. अनसाबाई बुगडीचं डोकं मांडीवर घेऊन सांगत गेली. "आधी डोकं मागं सारा. हळू. आता गुडघा घावला का? त्याच्या खाली खूर. खूर मुठीत झाका, न्हाईतर आत लागंल. आन् आता तिच्या कळंबरोबर वढा, खाली, पायाकडं."

कोकरू सर्रकन बाहेर आलं. काळंभोर, ओलं, आणि निपचित.

अनसाबाईनं त्याच्या नाकातोंडातली घाण बोटानं काढली, मागचे पाय धरून एक हिसका दिला, कडब्याच्या मुठीनं छाती चोळली, नाकात फुंकर मारली. पुन्हा चोळली. लाल डगलेवाला कापसाची दाढी गळ्यात ओढून, तोंड उघडं टाकून बघत होता. सगुणाबाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. अनसाबाईनंही बिरोबाला हाक घातली.

कोकरू शिंकलं, आणि मग एवढंसं 'बेंऽऽ' करून ओरडलं.

दुकानात जे हसू फुटलं तसं हसू त्या दुकानानं पुढं कधी ऐकलं नसेल. अनोळखी बायका एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. ट्रायल रूममधून एकजण एकाच पायात पॅन्ट घालून डोकावत होता. बुगडीनं कोकराला चाटून पुसून कोरडं केलं, पाजलं, आणि मग पायाखाली येऊ नये म्हणून पृथ्वीराजनं स्वतः ते उचललं. फोनचा खोका काढून खिशात कोंबला आणि कोकरू गव्हाणीत ठेवलं.

लोक रांगेनं येऊन बघू लागले. रांग पाहून त्याच्यातला दुकानदार पुन्हा जागा झाला.

"मावशी, काय म्हणतो, सोडतीत हे कोकरूच ठेवलं तर? मी चांगली किंमत देतो."

"लेकरू सोडतीत देत्यात व्हय?"

"चुकलो," पृथ्वीराज म्हणाला, आणि स्वतःच हसायला लागला. संध्याकाळची सोडत झाली, पण चिठ्ठ्यांची पेटी त्यानं रस्त्यावर खुर्ची टाकून उघडली. आत दिवे आणि गाणी तशीच बंद राहिली.

निघताना सगुणाबाईंनी अनसाबाईचे दोन्ही हात हातात घेतले. "उद्या सकाळी चर्चला या. ह्या तिघांना घेऊन या. आमची पोरं दरसाल मेंढपाळ होतात, पण मेंढरू कुणी पाहिलेलं नाही."

अनसाबाई घुटमळली. "बाई, आमचा बिरोबा हाय."

"असणारच की. त्याला सोडायला कोण सांगतंय? मेंढरं घेऊन या आन् फराळ करून जा."

ती रात्र अनसाबाई आणि प्रगती दुकानातच मेंढरांजवळ निजल्या, आणि पंचवीस तारखेला सकाळी पृथ्वीराजनं आपल्या जीपमधून सगळ्यांना चर्चला नेलं. नवा कोरा पांढरा शर्ट घालून तो आला होता आणि कोकरू त्याच्या मांडीवर होतं. व्हायचं ते झालंच. चर्चच्या दारात उतरून तो शर्टाचा डाग झटकत राहिला आणि म्हणाला, "धुतला की जाईल."

मंडपात आठ-दहा पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात वेताच्या छड्या घेऊन, मास्तरांसारखी उभी होती. अनसाबाईला राहवेना. तिनं छड्या मानेमागं आडव्या धरायला लावल्या, त्यावर हात टाकायला शिकवले, एका पायावर भार देऊन उभं राहायला लावलं आणि मेंढरांना हाळी कशी द्यायची ते दाखवलं. पोरांनी ती हाळी इतकी मनापासून दिली की पाळकसाहेबांचं वाचन दोनदा थांबलं. वाचनात ते मेंढपाळांच्या जागी आले तेव्हा अर्ध्या मंडळींच्या माना मागं वळल्या. मागच्या बाकावर अनसाबाई कोकरू कुशीत घेऊन बसली होती. तिला सगळं कळलं असं नाही. पण गोठा, गव्हाण, बाळ आणि रानातली मेंढपाळं कळली, आणि डोळे का भरून येतायत तेही कळलं.

नंतर करंज्या, चिवडा, लाडू आणि एक जाड केकचा तुकडा. केक तिनं हरिबासाठी पदरात बांधला.

दिवस मावळायच्या आत ती घरी होती. हरिबा अंगणात खाटेवर बसला होता. तिनं केक त्याच्या हातात दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं. शिरगणती, न मिळालेली ओसरी, गोठा. बाळाला गुंडाळायला तिनं आपल्या पदरचं घोंगडं घातलं. हरिबा केक खायचा विसरून ऐकत होता. आकाश उजळलं, खबर आली आणि सगळे मेंढपाळ उठून गावाकडं पळत सुटले, इथवर ती आली तेव्हा त्यानं हात वर केला.

"थांब, थांब. मेंढपाळं पळत गेली. मग मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकली?"

अनसाबाईनं कपाळाला हात लावला. हे तिनं विचारलंच नव्हतं. मग तिला इतकं हसू आलं की दावणीची मेंढरं माना वर करून बघू लागली.

"आवं, तुमी उठून जत्रंला जायचा, तवा कोण राखायचं?" ती म्हणाली. "बायका आस्तील की मागं!"

हरिबानं मान डोलावली, आणि केकचा मोठा तुकडा मोडून आधी तिच्या हातावर ठेवला.